शंभरातून सात

माझ्या बाबांनी आयुष्यात एकदाच परीक्षेत कॉपी केली, आणि ती कॉपी त्यांना पुरवली मी. ते तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि मी एक्केचाळीसची. म्हणजे अक्कल यायचं वय दोघांचंही होऊन गेलेलं होतं.

बाबांनी साताऱ्याच्या एका शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं. कडक किती, तर सहावीत मी त्यांच्याच वर्गात होते, आणि चाचणी परीक्षेत मी गाईडमधली उत्तरं पाठ करून धडाधड लिहून आले. सगळी बरोबर. पेपर हातात आला तर वर लाल शाईत हे एवढं मोठं शून्य. मी म्हटलं, "सर, उत्तरं तर बरोबर आहेत." शाळेत सरच म्हणायचं, असा नियम होता. ते म्हणाले, "उत्तरं गाईडची आहेत. तुझं काय आहे यात? पायऱ्या कुठायत?" आणि वर, नापासांनी पेपरवर पालकांची सही आणायची.

संध्याकाळी मी तो पेपर पालकांसमोर धरला. पालक चहा पीत होते. त्यांनी चष्मा लावला, पेपर जन्मात पहिल्यांदाच बघतोय असा वाचला, "अरेरे" म्हणाले आणि सही केली. दुसऱ्या दिवशी वर्गात तीच सही नीट तपासून घेतली. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "नापास झालीस ते बरं झालं. काय येत नाही ते कळलं. आता शिकवता येईल." मी ते त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

आई गेल्यावर दोन वर्षं ते साताऱ्यात एकटे राहिले. मग मी त्यांना अमेरिकेत आमच्याकडे अ‍ॅशबर्नला आणलं. ग्रीन कार्ड, इन्शुरन्स सगळं जमलं. कसं ते विचारू नका, त्यात माझे निम्मे केस पांढरे झाले. घरात मी, नवरा, चौथीतली लेक आणि बाबा. नवरा नागपूरचा, डेटा सेंटरमध्ये कामाला, स्वभावानं इतका शांत की कधीकधी नाडी बघावीशी वाटते. मी सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांनी मरमर करून लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. बाबा म्हणायचे, "बरी नोकरी मिळाली तुला. इतकी वर्षं घरी फुकट करत होतीस."

२००६ च्या उन्हाळ्यात बाबांचे पाय बिघडले. दुखत नव्हते, सुजले नव्हते, पण उचलले जाईनात. जमिनीला चिकटल्यासारखे फरफटायचे. दारात आले की थबकायचे. मागे वळायचं तर दहा-बारा चिमुकली पावलं टाकत वळायचे. मी विचारलं की म्हणायचे, "तुमचं कार्पेट जाड आहे." किचनमध्ये कार्पेट नाही, तर तिथली लाकडी जमीन गुळगुळीत. बाहेर साइडवॉक उतरता. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनीच मला शिकवली होती. ती मी त्यांना साभार परत केली.

"तुमचं अंगण खरंच वाकडं आहे," ते म्हणाले. "लेव्हल लावून बघ."

मग विसरायला लागले. चहा घेतला की नाही, औषध घेतलं की नाही. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एक दिवस बघते तर बाबा बाथटबच्या काठावर बसून स्वतःचे पायजमे हातानं धुताहेत. "तुमच्या मशीनला नाडी धुता येत नाही," म्हणाले. आणि मी शहाणी, त्यांना वॉशिंग मशीनच्या डेलिकेट सायकलवर वीस मिनिटं लेक्चर दिलं. महिन्याभरानं कळलं की ते बाथरूमपर्यंत वेळेत पोचत नव्हते. सहावीतल्या पोरासारखं लपवत होते. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

फॅमिली डॉक्टरनं एमआरआय सांगितला, एमआरआयनं न्यूरोसर्जन सांगितली. ही न्यूरोसर्जन म्हणजे सहा फूट उंच बाई, आखूड पांढरे केस, पायात स्नीकर्स, आणि बोलणं इतकं सावकाश की बाबांना एकेक शब्द कळला. ती म्हणाली, मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात. ते पाणी रोज तयार होतं आणि रोज शोषलं जातं. तुमचं शोषलं जात नाहीये. तुंबलंय. त्यानं पाय अडतात, विसरायला होतं आणि लघवी धरवत नाही.

"म्हणजे गटार तुंबलंय," बाबा मला मराठीत म्हणाले. "छत्तीस वर्षं पोरांना म्हणत आलो, तुमच्या डोक्यात दगड भरलेत. माझ्या डोक्यात पाणी निघालं."

सर्जनबाईंनी पुढचं कागदावर चित्र काढून सांगितलं. डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून एक बारीक नळी बसवता येते, तिला शंट म्हणतात. जास्तीचं पाणी तिच्यातून पोटात उतरतं आणि तिथं जिरतं. माणूस परत चालायला लागू शकतो. पण म्हाताऱ्या माणसाचा मेंदू नुसता आकसला तरी एमआरआयमध्ये पोकळ्या मोठ्याच दिसतात. तसं असलं तर नळीचा उपयोग शून्य आणि डोक्याला भोक उगाच. म्हणून आधी एक टेस्ट. सकाळी चालून दाखवायचं, थोडे प्रश्न, मग पाठीत सुई घालून थोडं पाणी काढायचं, आणि दुपारी परत चालायचं. पाणी काढल्यावर चाल सुधारली तर ऑपरेशन. नाही सुधारली तर नाही.

"आणि नाही म्हणजे मग काय?" मी विचारलं.

"मग हे असंच वाढत जाईल," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरं काही नाही."

हे सगळं बाबांनीही ऐकलं. पण एवढ्या सगळ्यातला एकच शब्द त्यांच्या डोक्यात शिरला. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "टेस्टला सिलॅबस काय?"

मी हसले, आणि तिथंच चुकले. त्यांना गप्प बसवायचं सोडून मी घरी येऊन इंटरनेट उघडलं. अशा वेळी काय प्रश्न विचारतात ते शोधलं आणि चक्क प्रिंट काढून त्यांच्या हातात ठेवलं. आज कोण वार, कोणतं राज्य. तीन शब्द सांगतात, ते पाच मिनिटांनी आठवून सांगायचे. शंभरातून सात वजा करत जायचं. मी असं का केलं? खरं सांगते, मला लाज वाटत होती. माझा बाप, ज्याला अख्खा सातारा सर म्हणायचा, तो एखाद्या पोरसवदा नर्ससमोर आजचा वार चुकणार. ते मला बघवलं नसतं. आणि मनात कुठंतरी असंही होतं, की ते पास झाले तर त्यांना काही झालेलंच नाही.

आठवडाभर आमच्या घरात दहावीचं वर्ष होतं. बाबा सकाळी सहाला उठून पाठांतर करायचे. "नाइन्टी-थ्री, एटी-सिक्स, सेव्हन्टी-नाइन, सेव्हन्टी-टू, सिक्स्टी-फाइव्ह." लेकीनं बेसमेंटमध्ये निळी टेप चिकटवून ट्रॅक आखला आणि स्टॉपवॉच घेतलं. आजोबा "एक-दोन, एक-दोन" करत गुडघे वर उचलून चालायचे आणि ही ओरडायची, "आजोबा, यू आर ड्रॅगिंग द लेफ्ट वन!" दोन फेऱ्या झाल्या की घामाघूम होऊन पायरीवर बसायचे आणि परत उठायचे.

नवरा वरून हे बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हे काय करून राहिले तुम्ही लोक? अगं, त्यांना चालता येत नाही हे बघायलाच ती टेस्ट आहे ना?"

"तू गप्प बस," मी म्हटलं. "त्यांना थोडा कॉन्फिडन्स येतोय तर तुला बघवत नाही." तो बिचारा गप्प बसला. तेव्हा बसला नसता तर बरं झालं असतं, असं नंतर मी त्याला म्हटलं. त्यावरही तो गप्पच बसला.

टेस्टच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. खिशाला पेन. माझ्याकडून दही-साखर मागून घेतली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये फिजिओथेरपिस्ट मुलीनं "गो" म्हटलं आणि बाबा निघाले. ओठ हलत होते, एक-दोन, एक-दोन. गुडघे वर, छाती पुढे, कपाळावरची शीर फुगलेली. वळताना मात्र जरा अडले, पण भिंतीला बोट लावून वळले. तिनं तीन शब्द सांगितले. तेही नेमके आमच्या प्रिंटमधलेच निघाले. पाच मिनिटांनी तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत बाबांनी तिन्ही सांगून टाकले. शंभरातून सात तर पाढ्यासारखं म्हटलं. ती मुलगी म्हणाली, "वॉव." मी पालक म्हणून मागे उभी, आणि माझी मान ताठ.

मग सुई झाली. बाबा दोनेक तास आडवे पडले. दुपारी परत चालायला बोलावलं, तर बाबांच्या लेखी परीक्षा सकाळीच संपलेली. पेपर टाकून आलेल्या मुलासारखे आरामात चालले. ना एक-दोन, ना गुडघे. पाठ दुखत होती, कंटाळले होते. मुलीनं स्टॉपवॉच बघितलं. सकाळपेक्षा जरा जास्तच वेळ.

सर्जनबाईंनी आम्हांला बसवून सांगितलं, सकाळी त्यांची चाल इतकी काही वाईट नव्हती, आणि पाणी काढून फरक पडलेला नाही. या वयात, फायदा दिसत नसताना मी डोकं उघडायला सांगणार नाही. सॉरी.

बाबांनी मला कोपर मारलं. "पास ना?"

मी काय सांगणार? म्हटलं, "पास." घरी आल्यावर त्यांनी शिऱ्याची फर्माइश केली, पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला, "अमेरिकेतल्या डॉक्टरनी वॉव म्हटलं" असं सांगितलं. मी रडत शिरा भाजत होते. आणि त्या धांदलीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि मला दिसली नाही. गॅरेजमधून घरात शिरायला आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत. बाबा रोज तिथं कठडा धरून, देवाचं नाव घेत चढायचे. त्या संध्याकाळी ते हातात औषधांची पिशवी घेऊन, कठडा न धरता, चढून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आणायला ड्राइव्हवेच्या टोकाला एकटे गेले. तिसऱ्या दिवसापासून परत पाय जमिनीला चिकटले. आणि मी म्हणे टेस्टर!

डोळे उघडले ते लेकीच्या होमवर्कनं. बाबा तिला रोज गणित शिकवायचे, तेवढा एक तास आमचं घर साताऱ्यासारखं व्हायचं. त्या दिवशी ती अपूर्णांकांची वही घेऊन आली. बाबा वहीकडे खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या आईला विचार. मी जरा दमलोय." माझ्या बापानं आयुष्यात गणिताला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

लेक गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. "बाबा, शंभरातून सात?"

"नाइन्टी-थ्री, एटी-सिक्स, सेव्हन्टी-नाइन," खडाखड.

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. प्रोग्रॅम बरोबर उत्तर द्यायला लागला की आकडा बदलून बघायचा. मी म्हटलं, "शंभरातून आठ?"

"नाइन्टी-थ्री."

"आठ, बाबा. सात नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघितलं. "हे सिलॅबसमध्ये नव्हतं," म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. पोपटपंची करणाऱ्या पोरांना ज्यानं छत्तीस वर्षं बाकावर उभं केलं, त्याला मी आठ दिवसांत पोपट केलं होतं. आणि त्यापायी त्याचं ऑपरेशन हुकलं होतं. मला तीन पायऱ्या आठवल्या. ड्राइव्हवे आठवला. काय चुकलं ते सगळं एकदम कळलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी एकटी सर्जनबाईंकडे गेले. एवढं ओशाळं इंग्लिश मी जन्मात बोललेले नाही. प्रिंट सांगितली, निळी टेप सांगितली, दही-साखर सांगायची खरं तर गरज नव्हती, पण तीही सांगितली. मग गॅरेजच्या पायऱ्या सांगितल्या. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे एकटक बघत राहिल्या.

"माझ्याकडे आजारी असल्याचं सोंग करणारे पुष्कळ येतात," त्या म्हणाल्या. "बरं असल्याचं सोंग इतक्या मेहनतीनं करणारा हा पहिलाच." आणि हसल्या, चष्मा काढून डोळे पुसण्याइतक्या. मग एकदम गंभीर झाल्या. "टेस्ट परत करू. पण यावेळी मला त्यांची खरी चाल हवी. तयारी नाही, पाठांतर नाही. जसे घरी असतात तसे आणा. आणि त्यांना कुणी प्रॉम्प्ट करायचं नाही. तुम्हीसुद्धा."

मी सुटले म्हणून घरी आले, तर घरी खरी लढाई. बाबा ऐकेनात.

"एकदा पास झालेल्या विषयाला परत बसायचं? आणि मुद्दाम नापास व्हायला? नापासाचं सर्टिफिकेट घ्यायला?"

"मुद्दाम नाही हो. खरं खरं चाला फक्त!"

"आमच्या घराण्यात असलं कुणी केलेलं नाही."

"तुमच्या घराण्यात डोक्यात पाणी तरी कुणाच्या झालंय!" मी ओरडले. माझा आवाज चढला की शेजारी खिडक्या लावतात. "झाकली मूठ सव्वा लाखाची करत बसा! पायजमे धुवा लपूनछपून! मला कळत नाही असं वाटतं तुम्हांला?"

हे बोलायला नको होतं.  बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लायब्ररीच्या वाटेवर ती विटांची इमारत आहे ना. म्हाताऱ्यांची. एक जण रोज खिडकीत बसलेला असतो. आपण गाडीतून जातो तेव्हा मी त्याला बघतो." चष्मा काढून पुसला. "चालता येत नाही, कळत नाही, कपडे खराब करतो. एवढं सगळं कागदावर आलं, की मग तू मला कुठं ठेवशील?"

 आठ दिवस हा माणूस बेसमेंटमध्ये घाम गाळत होता तो मार्कांसाठी नाही. तो या घरात राहायला मिळावं म्हणून चालत होता. आणि मी वरून त्याला टाळ्या वाजवत होते.

मी त्यांच्या पायाशी कार्पेटवर बसले. म्हटलं, "बाबा, तिथं ठेवायचं म्हटलं तरी ते लोक तुमचा स्वभाव दोन दिवस चालवून घेणार नाहीत. पार्सल परत येईल." ते हसले नाहीत. मग मी म्हटलं, "कागदावर काहीही येवो, तुम्ही इथंच. शपथ आईची. पण सहावीत तुम्ही मला काय म्हणाला होतात? नापास झालीस ते बरं झालं."

"काय येत नाही ते कळलं," ते हळू म्हणाले.

"पुढचं?"

"आता शिकवता येईल." नाक पुसलं. "तू ते अजून धरून बसलीयस होय?"

"तीस वर्षं."

"कोण म्हणेल मास्तरची मुलगी," ते म्हणाले. आणि उठून निजायला गेले. म्हणजे उठले, दारात थबकले, आणि यावेळी कार्पेटला दोष दिला नाही.

दुसऱ्या टेस्टला त्यांनी घरातला चुरगळलेला शर्ट घातला. मुद्दाम. दही मागितलं नाही. कॉरिडॉरमध्ये त्याच मुलीनं "गो" म्हटलं आणि बाबा निघाले, आणि मला वाटलं धावत जाऊन धरावं. पाय फरफटत होते. मध्येच थांबत होते. वळायला इतकी पावलं लागली की मी मोजायची सोडली. मग ती म्हणाली, नव्वदातून चार वजा करत जा.

"एटी-सिक्स," बाबा म्हणाले. "एटी-टू." मग थांबले. आणि माझ्याकडे बघितलं.

अठ्ठ्याहत्तर. माझ्या जिभेच्या टोकावर होतं. त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच छडीखाली शिकलेलं अठ्ठ्याहत्तर. नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं. त्यांचे डोळे तेवढंच मागत होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि जमिनीकडे बघत राहिले. त्या अर्ध्या मिनिटाइतकी दुष्ट मी कधीच वागलेले नाही.

"आय डोन्ट नो," बाबा म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कुठल्याच भाषेत ऐकलं नव्हतं.

सुई झाली. ते पडून राहिले, मी शेजारी खुर्चीत.  दुपारी परत कॉरिडॉर. वजाबाकी तेव्हाही अडलीच. पण चालायला उठले आणि पहिलं पाऊल उचललं गेलं. उचललं गेलं! दुसरंही. टोकाला जाऊन चार पावलांत वळले, भिंतीला हात न लावता, आणि वळल्यावर स्वतःच दचकून उभे राहिले. आपल्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मुलीनं स्टॉपवॉच सर्जनबाईंना दाखवलं आणि बाई म्हणाल्या, "देअर ही इज."

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी ऑपरेशन झालं. उजव्या कानामागचे केस काढले, तर बाबा म्हणाले, "निम्मं मुंडण. निम्माच गुन्हा केला होता." कानामागं कातडीखाली एक छोटी झडप बसवली, पाणी किती सोडायचं ते ठरवणारी. ती बाहेरून, नुसतं एक चुंबकाचं यंत्र डोक्याला लावून, कमी-जास्त करता येते. बाबांनी आलेल्या-गेलेल्यांना सांगितलं, "माझ्या डोक्याला आता पंख्यासारखा रेग्युलेटर आहे. सध्या तीनवर ठेवलाय." मोठ्या चुंबकापासून जपा असं सांगितलं होतं, तर लेकीनं सावधगिरी म्हणून फ्रिजवरचे सगळे मॅग्नेट काढून चित्रं सेलोटेपनं लावली. माझ्या फ्रिजचा रंग त्या टेपनं गेला.

सगळं परत आलं असं नाही. चहा अजूनही दोनदा मागतात; त्यातलं विसरणं किती आणि चहाची हौस किती ते मला ठरवता येत नाही. पण चालायला लागले. पायजमे मशीनमध्ये जायला लागले, नाडीसकट. अपूर्णांक सावकाश परत आले, एकेक पायरी लिहून. लेक कुरकुरायची, "आजोबा, यू कॅन जस्ट डू इट इन युवर हेड." त्यावर ते म्हणायचे, "माझ्या हेडवर भरवसा ठेवू नकोस. लिही."

मार्चमधली गोष्ट. मी किचनमध्ये पोळ्या करत होते. बाबा बेसमेंटमधून जिना चढून वर आले. मला आवाज आला, एकेक पाय नीट उचलून टाकल्याचा. हातात एक कागद होता. माझीच ती प्रिंट, शंभरातून सातवाली, खाली कुठल्यातरी खोक्यात पडलेली. तिच्यावर त्यांनी लेकीच्या लाल स्केचपेननं हे एवढं मोठं शून्य काढलं होतं.

कागद ओट्यावर ठेवला. शेजारी पेन ठेवलं.

"सही कर," म्हणाले.

"कसली?"

"पालकांची."

मी पिठाचे हात पुसले. कागद उचलला, जन्मात पहिल्यांदाच बघतेय असा वाचायला गेले, पण अक्षरं काही दिसेनात. "अरेरे" म्हणायचं होतं, तेही जमलं नाही. नुसती सही केली.

बाबांनी चष्मा वर करून ती नीट तपासली, घडी करून खिशात ठेवली, आणि म्हणाले, "पोळी करपतेय."